जुन्या एमजीचं साल आणि इंजिन कसं ओळखायचं: पाटीपासून बोअरपर्यंत

‘१९४७ ची एमजी, इंजिन कंपनीचंच’ असं सांगून गाडी दाखवली जाते, तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे १९४७ आलं कुठून? बहुतेक वेळा उत्तर ‘आरसी बुकातून’ असं येतं. आरसीवर साल लिहिणाऱ्याने ते कशावरून लिहिलं, हे मात्र कुणाला माहीत नसतं. गाडीला तीन वेगवेगळी सालं असू शकतात: कारखान्यातून बाहेर पडल्याचं, पहिल्यांदा विकली किंवा आयात झाल्याचं आणि इथे नोंदणी झाल्याचं. १९४९ च्या शेवटी तयार झालेली गाडी जहाजातून येऊन १९५० मध्ये नोंदली गेली, तर कागदावर १९५० लागतं. त्यात खोटं काही नाही, पण पार्ट मागवताना तुम्ही पुढच्या टीडी मॉडेलचे मागवता आणि समोर उभी असते आधीची टीसी.

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं वेड नवं नाही. शाही दसऱ्याला निघणारी मेबॅक बघत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या आहेत. त्यात उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, मिलिंग सगळं हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गाडी ओळखायचं शेवटचं आणि सगळ्यात खात्रीचं काम, म्हणजे इंजिन मोजणं, इथे सहज होतं. अडचण असते त्याआधीच्या पायऱ्यांची.

हा लेख मुख्यतः एमजीच्या टी मालिकेवर आहे: टीसी, टीडी, टीएफ. शेवटी एमजीए आणि एमजीबीबद्दल थोडं.

आधी लांबून बघा

नंबर शोधायला गाडीखाली शिरण्याआधी दहा मिनिटं नुसती बघण्यात घालवा.

टीसी (१९४५ ते १९४९): १९ इंची तारांची चाकं, पुढे सरळ ॲक्सल, पुढेमागे पाटे, अमेरिकेसाठीच्या शेवटच्या गाड्या सोडल्या तर बंपर नाहीत. सगळ्या टीसी उजव्या स्टिअरिंगच्या. डाव्या स्टिअरिंगची टीसी दिसली, तर ती नंतर कुणीतरी बदललेली आहे.

टीडी (१९४९ च्या अखेरीपासून १९५३): १५ इंची पत्र्याची चाकं, पुढे कॉइल स्प्रिंग आणि स्वतंत्र सस्पेन्शन, रॅक-पिनियन स्टिअरिंग, पुढेमागे बंपर. अगदी सुरुवातीच्या गाड्यांच्या चाकांना भोकं नव्हती, नंतर आली. मागचे दिवे १९५२ च्या अखेरीस गोल झाले. दिवा बदलणं सोपं असतं, म्हणून त्यावर फार भरवसा नको, पण आधार म्हणून वहीत लिहून ठेवा.

टीएफ (१९५३ ते १९५५): हेडलाइट मडगार्डात बसवलेले, जाळी तिरकी, डॅशबोर्डच्या मधोमध अष्टकोनी मीटर. वरचं रेडिएटरचं झाकण निव्वळ शोभेचं. टीएफ ओळखताना सहसा चूक होत नाही.

चूक होते ती टीसी आणि तिच्या आधीच्या टीए-टीबीमध्ये. तिन्ही लांबून सारख्याच. तीन खुणा बघा. पायरीच्या फळीवर टीसीला दोन पट्ट्या असतात, टीए-टीबीला तीन. टीसीच्या पाट्यांना रबरी बुशचे शॅकल (पाटा चेसीला जोडणारे झोके) आहेत, आधीच्या गाड्यांमध्ये पाट्याचं एक टोक सरकत्या ट्रनियनमध्ये बसायचं. आणि टीसीची बॉडी सीटच्या जागी सुमारे चार इंच रुंद आहे. टीबी १९३९ मध्ये फक्त ३७९ बनल्या, त्यामुळे ‘टीबी’ म्हणून समोर आलेल्या गाडीला दुप्पट तपासा.

चेसी नंबर: घासायचा नाही, उमटवायचा

टी मालिकेचा चेसी नंबर चेसीच्या पुढच्या डाव्या टोकाला, बाहेरच्या अंगाला ठोकलेला असतो. डावी म्हणजे सीटवर बसल्यावरची डावी. सत्तर वर्षांचा रंग, ग्रीस आणि चिखल यांच्या थराखाली तो दिसत नाही. इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. मिस्त्री ग्राइंडर लावतो, चकाचक पत्रा दिसतो आणि नंबर गेलेला असतो. आकडे हाताने ठोकलेले असतात, खोली फारच कमी. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपरचा एक फेरा त्यांना पुरतो. शिवाय चेसी नंबर घासलेला दिसला, की आरटीओत तुमच्याकडे बघायची नजरच बदलते.

बरोबर पद्धत अशी. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने ग्रीस काढा. मग पेंट रिमूव्हरचा हात द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, लाकडी चपटीने रंग उचला. तीन-चार वेळा करावं लागेल. शेवटी पितळी तारांचा ब्रश हलक्या हाताने फिरवा, लोखंडी तारांचा नको. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून घासा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. डोळ्याला ‘३’ वाटणारा आकडा कागदावर ‘८’ निघतो, कारण डाव्या अर्ध्या भागात गंज बसलेला असतो आणि तिथली खोली फक्त पेन्सिलीला कळते. बॅटरीचा उजेड समोरून न मारता बाजूने, पत्र्याला जवळजवळ चिकटवून मारा आणि फोटो घ्या. तीन दिशांनी तीन फोटो.

आता आकडा वाचा. टीसीचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात. २५१ हा एमजीच्या अॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर होता, म्हणून तिथून मोजायची त्यांची हौस. तेव्हा ‘माझ्याकडे टीसी नंबर १०० आहे’ असं कुणी म्हटलं, तर चहा पिऊन घरी या. टीसी १०२५१ च्या आसपास संपते, म्हणजे एकूण सुमारे दहा हजार गाड्या. टीडीही २५१ पासून सुरू होऊन २९९१५ पर्यंत जाते. टीएफ ५०१ पासून १०१०० पर्यंत, म्हणजे ९,६०० गाड्या. नंबर या चौकटीबाहेर असेल तर एकतर तुम्ही चुकीचं वाचलं, किंवा तो चेसी नंबरच नाही.

ही दुसरी शक्यता फार वेळा खरी निघते. बॉनेट उघडल्यावर मागच्या बाजूला, टूलबॉक्सच्या आसपास, छोट्या पाट्या असतात. एकीवर गाडीचा आणि इंजिनचा नंबर, दुसरीवर बॉडीचा नंबर. पन्नास-साठ वर्षांपूर्वी नोंदणी करताना बॉडीचा नंबर चेसीच्या रकान्यात गेला, की तोच पुढच्या प्रत्येक मालकाच्या कागदावर उतरत राहतो. आरसीवरचा नंबर गाडीत कुठेच सापडत नसेल, तर तो बॉडीच्या पाटीवर शोधा.

आणि पाटी म्हणजे दोन-चार रिवेट किंवा स्क्रू. ती एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जायला पंधरा मिनिटं लागतात. पाटीवरचा आणि चेसीवर ठोकलेला नंबर जुळला, तरच पाटीला किंमत.

बॉनेट उघडल्यावर

टी मालिकेच्या इंजिनचा नंबर अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो, ब्लॉकच्या मागच्या टोकाला, क्लच हाउसिंगजवळ. आधीची अक्षरं आकड्याहून महत्त्वाची.

‘एक्सपीएजी’ हा १२५० सीसी इंजिनाचा कारखान्यातला कोड. नुसतं ‘एक्सपीएजी’ आणि आकडा: टीसीचं इंजिन. ‘एक्सपीएजी टीडी’, ‘टीडी२’: टीडीचं. टीडी२ मध्ये क्लच ७¼ इंचावरून ८ इंचाचा झाला. गिअरबॉक्स उतरवलेला असेल, तर प्लेट मोजा: १८४ मिमी की २०३ मिमी. ही मोजणी आधी करा, नाहीतर मागवलेली क्लच प्लेट परत पाठवण्यात महिना जातो. ‘टीडी३’ म्हणजे टीडी मार्क टू, जास्त ताकदीचं. ‘एक्सपीएजी टीएफ’ म्हणजे टीएफ १२५०. ‘एक्सपीईजी’ म्हणजे टीएफ १५००, ती १९५४ पासून, साधारण साडेसहा हजारच्या पुढच्या चेसी नंबरांवर.

आता फसवी अक्षरं. ‘एक्सपीएजी एससी’ हे एमजी वाय सलूनचं इंजिन, एका कार्ब्युरेटरचं आणि मवाळ कॅमचं. ‘एक्सपीएडब्ल्यू’ हे वूल्झली ४/४४ चं. दोन्ही १२५० सीसी, दोन्ही टीसी-टीडीत बसतात आणि वर दोन एसयू कार्ब्युरेटर लावले की दिसायला अस्सल. यात वाईट काही नाही, चालतातही छान. फक्त ‘मूळ इंजिन’ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

पट्टीच नसेल तर? आपल्याकडे हे नेहमीचंच. कारण सरळ आहे: एमजीचे पार्ट मिळेनात तेव्हा गाडी बंद ठेवण्यापेक्षा अँबॅसॅडरचं इंजिन टाकून ती चालवली गेली. ते १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज इंजिन. ते ओळखायला एक लोहचुंबक पुरतो. गाडीखाली हात घालून चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला लावा. एक्सपीएजीचं चेंबर ॲल्युमिनियमचं ओतीव, फिन असलेलं. चुंबक खाली पडतो. बी सिरीजचं चेंबर दाबलेल्या पत्र्याचं; चुंबक टक्कन चिकटतो. चेंबरवर तेल-मातीचा पापुद्रा असेल तर आधी खरवडा, नाहीतर चुंबक न चिकटण्याचं कारण तो पापुद्राच असतो.

कार्ब्युरेटरचा घसाही मोजा. टीसी आणि साध्या टीडीला १¼ इंची (३१.७५ मिमी) एसयू, टीएफ आणि टीडी मार्क टूला १½ इंची (३८.१ मिमी).

आटे काय सांगतात

हा भाग उद्यमनगरातल्या टर्नरला लगेच कळेल. एक्सपीएजीचे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी इंची मापाची. हे विचित्र लग्न लागलं कारण एमजीची इंजिनं बनवणाऱ्या मॉरिस कंपनीने हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला होता. तिथली यंत्रं फ्रेंच, आटे फ्रेंच, पाने मात्र इंग्लंडमधले. म्हणून ८ मिमी बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.० मिमी आणि डोकं १३.३ मिमीचं. १३ चा पाना चढत नाही, १४ चा डोकं गोल करतो. ¼ व्हिटवर्थचा पाना लागतो.

बी सिरीजला युनिफाइड आटे: तिथे ५⁄१६ यूएनएफ (युनिफाइडचा बारीक आटा), डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. दोन्ही बोल्ट हातात घेतले, तर जाडी सारखीच वाटते: ७.९४ आणि ८.०० मिमी. पिचही जवळजवळ सारखा: इंचाला २४ आटे म्हणजे १.०६ मिमी. त्यामुळे यूएनएफ बोल्ट एक्सपीएजीच्या ब्लॉकमध्ये दोन-तीन आटे मऊ जातो आणि मग अडतो. ‘गंजलाय’ म्हणून जोर दिला की ब्लॉकचे आटे गेले. दुकानातला साधा ८ मिमी बोल्ट त्याहून वाईट, कारण त्याचा पिच १.२५.

ओळखण्यासाठी पिच गेज लावताना कमीत कमी दहा आट्यांवर लावा. दोन-तीन आट्यांवर १.० ची पात आणि २४ ची पात, दोन्ही बसल्यासारख्या दिसतात. त्याहून सोपं म्हणजे डोकं व्हर्निअरने मोजा. १३.३ की १२.७? पण बोल्ट बदललेला असू शकतो, म्हणून एकाच बोल्टवर निकाल देऊ नका, वेगवेगळ्या जागचे पाच-सहा बघा.

हेड उतरवून मोजणं

शंका उरली तर हेड उतरवा. नाहीतरी पॅकिंग बदलायचंच असतं. प्लगच्या भोकातून तार घालून स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जितका सरकतो ते अंतर) मोजायचा मोह टाळा: प्लग तिरके आहेत, तार तिरकी जाते आणि चार-पाच मिलिमीटरची चूक सहज होते.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजताना सिलिंडरच्या अगदी वरच्या कडेला, रिंग पोहोचत नाही त्या पट्टीत मोजा. खालचा भाग झिजलेला असतो, तिथलं माप मूळ बोअर सांगत नाही. एकमेकाला काटकोनात दोन मापं घ्या, चारही सिलिंडरची. स्ट्रोकसाठी पिस्टन अगदी वर आणून व्हर्निअरच्या दांडीने ब्लॉकच्या पृष्ठभागापासून खोली घ्या, मग अगदी खाली नेऊन घ्या. दोहोंतला फरक हा स्ट्रोक. पिस्टन वर बाहेर डोकावत असेल तर तेवढं मिळवा. तीनदा करा.

मूळ मापं अशी. टीए: बोअर ६३.५, स्ट्रोक १०२, म्हणजे १२९२ सीसी. मॉरिस टेनचं एक्सपीजेएम: ६३.५ आणि ९०, ११४० सीसी. एक्सपीएजी: ६६.५ आणि ९०, १२५० सीसी. एक्सपीईजी: ७२ आणि ९०, १४६६ सीसी. बी सिरीज १४८९: ७३.०२५ आणि ८८.९.

मॉरिस टेनचं इंजिन या यादीत आहे, कारण ते एक्सपीएजीचं धाकटं भावंड आणि मॉरिस टेनवरूनच हिंदुस्तान टेन बनली. ‘तेच इंजिन आहे’ म्हणून विकलं जातं. बोअर ६३ च्या घरात आला तर ते एक्सपीएजी नाही.

ओव्हरसाइजचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर घासून वाढवलेल्या बोअरचा, हिशेब धरायलाच हवा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. २० थाऊ म्हणजे ०.५१ मिमी, ४० म्हणजे १.०२, ६० म्हणजे १.५२. तेव्हा ६७.५ हे ४० थाऊ वाढवलेलं एक्सपीएजी. पिस्टनच्या माथ्यावर बहुधा ‘०४०’ असा शिक्काही असतो. कार्बन साफ करून बघा. आता सापळा: एक्सपीईजी ४० थाऊ वाढवलं, की बोअर ७३.०२ होतो, म्हणजे बी सिरीजच्या मूळ बोअरइतकाच. तिथे निवाडा स्ट्रोक करतो. ९०.० की ८८.९? फरक फक्त १.१ मिमीचा, म्हणूनच तीनदा मोजायला सांगितलं.

ल्यूकसच्या तारखा

डायनॅमो, सेल्फ, डिस्ट्रिब्यूटर, वायपर मोटर, हॉर्न यांवर ल्यूकस या विजेचे पार्ट बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीने महिना आणि साल ठोकलेलं असतं: ‘७ ५१’ म्हणजे जुलै १९५१. पुढच्या काळातल्या पार्टवर आठवडा आणि साल येतं. पार्ट गाडीच्या आधी काही आठवडे किंवा महिने बनलेला असतो. एका पार्टवरून काही ठरत नाही. पाचपैकी चार तारखा १९५१ च्या मध्यावर गोळा झाल्या आणि सेल्फ १९५८ चा निघाला, तर सेल्फ बदललेला आहे, गाडी १९५१ ची. पाचही पाच सालांचे असतील, तर हा पुरावा सोडून द्या.

एमजीए आणि एमजीबी

इथे काम सोपं. इंजिन नंबरची पट्टी ब्लॉकवर डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूला असते. एमजीए १५०० ला १५जीबी किंवा १५जीडी, १६०० ला १६जीए, मार्क टूला (१६२२ सीसी) १६जीसी. १५०० ला चारही चाकांना ड्रम, १६०० ला पुढे डिस्क. मात्र एमजीए १५०० चा बोअर आणि स्ट्रोक अँबॅसॅडरच्या इंजिनइतकाच आहे, तेव्हा इथे मोजून काही हाती लागत नाही. पट्टी आणि कागदच बघावे लागतात.

चार सिलिंडरच्या एमजीबी सगळ्या १७९८ सीसी. १८जी आणि १८जीए इंजिनांना क्रँकचे तीन बेअरिंग, १८जीबीपासून (१९६४ ची अखेर) पाच. चेसी नंबर जीएचएनने सुरू झाला तर उघडी गाडी, जीएचडीने तर जीटी. पुढचा आकडा ३ असेल तर पहिली मालिका, ४ म्हणजे १९६७ च्या अखेरीनंतरची मार्क टू, ५ त्यापुढची. मार्क टूमध्ये डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) आला. त्याआधीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या. बॅटरी जोडण्याआधी हे बघितलं नाही, तर ओळखपरेड तिथेच थांबते. एमजीए-एमजीबीचे कारखान्यातले उतारे इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळतात. त्यावर बांधणीची तारीख, रंग आणि मूळ इंजिन नंबर येतो.

कागदांशी जुळवणं

जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, व्यापारी वापरात नसलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी ₹२०,००० आणि दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीची ₹५,०००. अट अशी की चेसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. म्हणजे अँबॅसॅडरचं इंजिन घातलेली टीडी इथे अडू शकते. अर्ज करण्याआधी आरसीवर इंजिन बदलल्याची नोंद आहे का ते बघा. जुन्या मालकाने ती करून घेतली असेल, तर बदल लपवलेला नाही एवढं तरी दाखवता येतं.

फाइल अशी लावा: चेसी नंबरचा पेन्सिलचा छाप, बाजूच्या उजेडातले फोटो, इंजिनच्या पट्टीचा फोटो, बोअर-स्ट्रोकची मापं घेणाऱ्या वर्कशॉपच्या सहीशिक्क्याचा कागद, ल्यूकसच्या तारखांची यादी, जुनी आरसी आणि असेल तर आयातीची बिल ऑफ एंट्री. जे आकडे जुळत नाहीत तेही लिहा. गाडी रंगायला देण्याआधीच हे सगळं उरकायचं, कारण पेंटरच्या पुट्टीखाली नंबर एकदा गेला की पुन्हा रिमूव्हरपासून सुरुवात.

आणि चेसीवरची उघडी केलेली जागा तशीच सोडू नका. कोल्हापूरच्या जूनमधल्या हवेत साफ केलेल्या लोखंडावर चार दिवसांत लाल थर चढतो. थिनरने पुसून पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्या. इन्स्पेक्टरला आकडे तसेच वाचता येतात.